इअन कर्टिस

इंग्लंडमधील मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे जुने नगर. १९७० च्या दशकापर्यंत तेथील पुष्कळ गिरण्या बंद पडल्या होत्या व तरुणांपुढे बेकारी उभी होती. त्या उदास वातावरणात जे नवे, गंभीर रॉक संगीत जन्मास आले, त्याचा इअन कर्टिस हा एक अग्रगण्य गायक व गीतकार होय.

इअनचा जन्म १५ जुलै १९५६ रोजी मँचेस्टरजवळील स्ट्रेटफर्ड येथे झाला. रेशमासाठी प्रसिद्ध असलेल्या मॅकल्सफील्ड गावी तो वाढला. काव्यवाचनाची त्याला लहानपणापासूनच गोडी होती. एकोणिसाव्या वर्षी त्याचा विवाह झाला. चरितार्थासाठी तो सरकारी रोजगार कचेरीत नोकरी करी. अपंगांना काम मिळवून देण्यास साहाय्य करणे, हे त्याचे कर्तव्य होते.

त्या कचेरीत अपस्माराने, म्हणजे फेफऱ्याने, पीडित अशी एक तरुणी काम शोधण्यास येत असे. पुढे ती येईनाशी झाली. तिला नोकरी लागली असावी, असे इअनला वाटले. परंतु फेफऱ्यानेच तिचा अंत झाल्याचे त्यास मागाहून कळले. त्या व्यथेतून त्याने ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गीत रचले. दैवगती अशी की, डिसेंबर १९७८ मध्ये त्याच विकाराने त्यालाही गाठले.

त्याच्या ‘जॉय डिव्हिजन’ या चौघांच्या वाद्यवृंदाची ‘अननोन प्लेझर्स’ ही ध्वनिमुद्रिका जून १९७९ मध्ये निघाली व त्याचे नाव झाले. रंगमंचावर तो हात झाडीत विलक्षण नृत्य करी. कधी त्यास तेथेच खरोखरीचे फेफरे येई, आणि प्रेक्षक ते नृत्यच समजत! जागरणे व प्रखर दिवे यांनी विकार बळावला; मन खिन्न झाले; संसारातही दुरावा आला. हे सारे त्याच्या गीतांत उतरत होते, पण सोबत्यांनी ते केवळ काव्य मानले.

१८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यास निघण्याच्या आदल्या दिवशी, त्याने आपली जीवनयात्रा संपविली. तो अवघ्या २३ वर्षांचा होता. मागे पत्नी व एक वर्षाची कन्या राहिली. दुभंगलेल्या संसारावरील ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ या गीताची तबकडी पुढील महिन्यात निघाली आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत १३ व्या क्रमांकास पोहोचली. ती ऐकण्यास तो नव्हता.

मरणामुळे त्याची गीते थोर ठरली, असे मात्र कोणी मानू नये. एका अपरिचित तरुणीच्या दुःखाने कळवळणारे मन, हेच त्या गीतांचे मोल. अपस्मार हा मेंदूचा विकार आहे. त्यावर उपचार आहेत, तसेच मनाच्या खिन्नतेवरही आहेत. एखादा सोबती अबोल झाला, वा अंधाराचेच शब्द लिहू लागला, तर त्याची आस्थेने विचारपूस करावी. आपलेच मन काळवंडले, तर घरी वा गुरुजनांपाशी ते मोकळे करावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.