प्वाझय यांची काचेची नळी

रक्तदाब आजही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगितला जातो, त्यात झाँ लेओनार मारी प्वाझय या फ्रेंच डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १७९७ साली पॅरिसमध्ये जन्मलेले प्वाझय आधी 'एकोल पॉलिटेक्निक'मध्ये शिकत होते. १८१६ मध्ये ती संस्था बंद झाल्यावर ते वैद्यकाकडे वळले. १८२८ च्या प्रबंधासाठी त्यांनी पारा भरलेली वाकडी नळी प्राण्यांच्या धमन्यांना जोडली. मोठ्या आणि लहान धमन्यांत सरासरी दाब जवळजवळ सारखाच निघाला. मग हा दाब खर्च होतो कुठे? त्याहून बारीक वाहिन्यांत, हे उघड होते.

त्या शोधात त्यांनी अनेक वर्षे घालवली. रक्त गोठते, म्हणून काचेच्या नळ्यांतून डिस्टिल्ड वॉटर सोडले. काही नळ्या ०.०१५ मिलिमीटर इतक्या बारीक! तापमान स्थिर ठेवून थेंबाथेंबाचा हिशेब केला. १८४० च्या सुमारास नियम हाती आला: दाब तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाह सोळावा हिस्साच उरतो. जर्मन अभियंता हागेन यांनाही स्वतंत्रपणे हेच आढळले होते. द्रवगतीच्या समीकरणांतूनही हाच नियम निघतो, हे १८६० च्या सुमारास दाखवले गेले. १८६९ मध्ये प्वाझय वारले.

सरळ नळीतल्या संथ प्रवाहाचे उत्तर असे नेमके ठाऊक असल्याने ते आता संगणकाची परीक्षा घेते. सीटी स्कॅनवरून हृदयाच्या धमनीतला प्रवाह काढणारे प्रोग्राम आहेत. अँजिओप्लास्टी करावी की नाही, या निर्णयात त्यांचा आधार घेतला जातो. असा प्रोग्राम आधी साध्या नळीवर चालवून पाहतात. मधल्या धारेचा वेग सरासरीच्या दुप्पट यायला हवा. आत गेले तेवढेच पाणी बाहेर पडायला हवे. गणिताची जाळी बारीक करत नेली, की चूकही ठरलेल्या प्रमाणात घटायला हवी.

पण ही झाली पहिलीच इयत्ता. खरी धमनी वळते, फाटे फुटते, ठोक्यागणिक फुगते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मध्ये अरुंद केलेल्या नळीतला प्रवाह प्रत्यक्ष मोजला आणि त्याचे गणित जगभरच्या तज्ज्ञांना घातले. २८ गटांनी उत्तरे पाठवली. २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या उत्तरांत मोठी तफावत होती.