विषारी सर्पांच्या सागरातून

अकोल्याच्या जठारपेठेप्रमाणेच पश्चिम बंगालमधील पुरुलियालाही समुद्रकिनारा नाही. तेथे १६ नोव्हेंबर १९३० रोजी जन्मलेल्या मिहीर सेन यांनी मात्र सागरालाच आव्हान दिले. कायद्याच्या शिक्षणासाठी इंग्लंडला गेले असताना जलतरणपटू फ्लॉरेन्स चॅडविक यांच्याविषयी वाचून ते प्रेरित झाले. २७ सप्टेंबर १९५८ रोजी इंग्लिश खाडी पोहून जाणारे ते पहिले भारतीय ठरले.

खरी कसोटी पुढेच होती. श्रीलंका व भारत यांमधील पाल्कची सामुद्रधुनी शार्क आणि विषारी सागरी सर्पांसाठी कुप्रसिद्ध. हे सर्प सहसा आपणहून हल्ला करीत नाहीत. परंतु त्यांचे विष जहाल, आणि रात्रीच्या काळोखात पायाखाली काय आहे, हे दिसत नाही. सोबत नौदलाची जहाजे असली, तरी पाण्यात माणूस एकटाच. ५ एप्रिल १९६६ रोजी तलैमन्नारहून निघालेले सेन २५ तास ३६ मिनिटांनी धनुष्कोडीला पोहोचले. त्याच वर्षी त्यांनी जिब्राल्टर, दार्दानेल्स, बॉस्फरस आणि पनामा कालवाही पार केला. १९६७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

अखेरच्या काळात स्मृतिभ्रंशाने त्यांना ग्रासले. ११ जून १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.