माहुलीसमोर गाडी थांबवून फोटो तर काढता, पण शहाजीराजांचा डाव याच गडावर मोडला होता

मे महिना. मुंबई-नाशिक हायवेवर आसनगाव जवळ आलं की डाव्या हाताला डोंगराच्या माथ्यावर उभे सुळके दिसायला लागतात. गाडी बाजूला लागते, रस्त्याकडेच्या बाईकडून करवंदांचा द्रोण घेतला जातो आणि मोबाईल बाहेर निघतो. भातसानगरला धरण बघायला आलेले लोकही परतताना शहापुरात हाच उद्योग करतात. फोटो पडतो आणि खाली लिहिलं जातं, किल्ले माहुली, नवरा-नवरीचे सुळके.

फोटो भारीच येतो. पण त्या फोटोखाली एक नाव हमखास राहून जातं. शहाजीराजे भोसले.

शहाजीराजे म्हटलं की आपल्याला पटकन आठवतं ते एवढंच, की ते शिवरायांचे वडील. पुस्तकात एक-दोन परिच्छेद आणि मग गाडी थेट शिवनेरीवर. पण या माणसाने स्वतःच्या हिमतीवर एक राज्य उभं केलं होतं, तीन वर्षं चालवलं होतं आणि १६३६ साली ते याच माहुलीवर गमावलं होतं.

आता गोष्ट सुरुवातीपासून.

धरण फोडून जिंकलेली लढाई

शहाजीराजे वेरूळच्या भोसले घराण्यातले, मालोजीराजांचे थोरले चिरंजीव. वडील लवकर गेले आणि कोवळ्या वयातच निजामशाहीची चाकरी अंगावर आली. लग्न झालं सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या लेकीशी, म्हणजे जिजाबाईंशी.

नाव गाजलं ते १६२४ साली, अहमदनगरजवळच्या भातवडीत. एका बाजूला मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा, दुसऱ्या बाजूला एकटी निजामशाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तिथल्या तलावाचा बांध फोडून पाणी शत्रूच्या तळावर सोडलं. चिखलात फसलेल्या फौजेवर मग हल्ला झाला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम केला, पण धाकटे भाऊ शरीफजी कामी आले.

दोनच वर्षांत मलिक अंबर वारला आणि निजामशाहीला उतरती कळा लागली. दरबारात कोणाचा कोणावर भरवसा राहिला नाही. १६२९ साली दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधव आणि त्यांच्या मुलांना दगा करून मारण्यात आलं. ज्यांची चाकरी करायची त्यांनीच सासऱ्याचा आणि मेव्हण्यांचा खून केला.

शहाजीराजे मुघलांकडे गेले. पाच हजारी मनसब मिळाली. पण तिथेही बस्तान बसलं नाही आणि १६३२ मध्ये ते बाहेर पडले. मधल्या काळात शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला होता, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि पुण्याची जहागीर बेचिराख झाली होती. थोडक्यात, घर नाही, मालक नाही, मुलूख उद्ध्वस्त.

पेमगिरीवरचा राज्याभिषेक

१६३३ साली दौलताबाद मुघलांनी घेतलं आणि निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. सगळ्यांनी धरून चाललं, निजामशाही संपली.

शहाजीराजांनी मात्र वेगळाच डाव टाकला. निजामशाही घराण्यातला मुर्तझा नावाचा एक लहान मुलगा त्यांनी शोधला आणि संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर त्याला गादीवर बसवलं. या कामात आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव त्यांच्या पाठीशी होता. गादीवर पोर असलं तरी कारभार सगळा शहाजीराजांचा. जुन्नर, संगमनेर, त्र्यंबक, घाटाखाली उत्तर कोकण असा मुलूख त्यांनी ताब्यात ठेवला आणि जवळपास तीन वर्षं मुघलांशी झुंज दिली.

पेमगिरीला आज लोक जातात ते एकरांमध्ये पसरलेल्या वडाचा फोटो काढायला. त्याच गावच्या डोंगरावर हा डाव मांडला गेला होता.

माहुलीचा वेढा

अखेर शाहजहान स्वतः दख्खनमध्ये उतरला. १६३६ च्या उन्हाळ्यात त्याने आदिलशहाशी तह केला. निजामशाहीचा उरलेला मुलूख दोघांनी वाटून घ्यायचा, असं ठरलं. काल पाठीशी असलेलं विजापूरच आता समोर उभं राहिलं.

नकाशा उघडला तर पुढची हालचाल कळते. जुन्नरहून कोकणात उतरायला नाणेघाट आणि माळशेज. खाली मुरबाड, त्यापुढे शहापूर आणि माहुली. भातसानगरहून मुरबाडमार्गे माळशेजला फिरायला जाता ना, तोच टापू. फक्त शहाजीराजे उलट दिशेने, घाट उतरून आले. पाठीवर मुघल सरदार खानजमान आणि सोबत आदिलशाहीचा रणदुल्लाखान.

माहुली निवडायला कारण होतं. ठाणे जिल्ह्यातला हा सगळ्यात उंच किल्ला, सुमारे २,८०० फूट. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन गड एकाच डोंगरावर. चहूबाजूंनी कडे आणि खाली दाट रान. असा गड सहजासहजी हाती लागत नाही.

पण गड कितीही बेलाग असला तरी बाहेरून मदत येणार असेल तरच वेढ्याला अर्थ असतो. इथे मदत येण्यासारखं दख्खनमध्ये कोणी उरलंच नव्हतं. दोन्ही मोठ्या सत्ता वेढा घालून खाली बसल्या होत्या.

शेवटी शहाजीराजांनी तह केला. मुर्तझाला मुघलांच्या हवाली करावं लागलं. जुन्नर, त्र्यंबक, त्रिंगलवाडी असे किल्ले सोडावे लागले. निजामशाही माहुलीवर कायमची संपली. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि त्यांची रवानगी झाली दूर कर्नाटकात. तेव्हा शिवराय जेमतेम सहा वर्षांचे होते.

हरल्यानंतरचं आयुष्य

कर्नाटकात १६३८ साली रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकलं. या मोहिमेत शहाजीराजे त्याच्यासोबत होते. दोन वर्षांपूर्वी माहुलीला वेढा घालणारा हाच रणदुल्लाखान. पुढे बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीचं मुख्य ठाणं झालं.

१६४८ साली जिंजीजवळ त्यांना अटक झाली. मुस्तफाखानाच्या हुकमाने बाजी घोरपडे यांनी त्यांना कैद केलं. पुढच्या वर्षी सुटका झाली, पण त्यासाठी शिवरायांना कोंढाणा सोडावा लागला. बापासाठी लेकाने किल्ला दिला.

२३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात होदिगेरे इथे शिकारीदरम्यान घोड्यावरून पडून शहाजीराजांचं निधन झालं. आजच्या दावणगेरे जिल्ह्यात त्यांची समाधी आहे.

मग माहुलीचं काय झालं?

वडिलांनी गमावलेला हा गड शिवरायांनी १६५८ मध्ये घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले, त्यात माहुलीही गेला. १६७० च्या सुरुवातीला मराठ्यांनी तो परत घेण्याचा प्रयत्न केला. किल्लेदार मनोहरदास गौड याने तो हाणून पाडला आणि मराठ्यांची मोठी हानी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी अखेर गड जिंकला.

आणि १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला. या वेळी दुसऱ्याच्या घराण्यातलं पोर गादीवर बसवलं नव्हतं. पेमगिरी आणि रायगड या दोन राज्याभिषेकांमधला फरक लक्षात घेतला की माहुलीचा पराभव किती मोठा होता आणि त्यातून काय शिकलं गेलं, हे कळतं.

आपण फोटो जास्त काढतो ते विजयाच्या जागांचे. रायगड, प्रतापगड, सिंहगड. त्यात चूक काही नाही. पण जिथे आपला माणूस सगळं पणाला लावून लढला आणि हरला, ती जागाही तितकीच आपली आहे.

आता फोटोचं बोलू. आसनगावकडून दिसणाऱ्या बाजूवर सकाळचं ऊन पडतं, त्यामुळे सुळके टिपायचे तर उजाडल्याबरोबर पोहोचा. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो खरा, पण ढगांत बुडालेला असतो. उन्हाळ्यात गवत वाळतं आणि कातळ उघडा पडतो, त्यामुळे गडाची खरी ठेवण याच दिवसांत समजते. वर चढायचं असेल तर अडीच-तीन तासांची दमवणारी वाट आहे, शेवटी शिडी लागते. मे महिन्यात वरच्या टाक्यांच्या पाण्यावर विसंबू नका, पाणी खालूनच घेऊन जा. चढायला जमणार नसेल तर पायथ्याच्या माहुली गावातलं जुनं शिवमंदिर बघून या.

आणि फोटो टाकाल तेव्हा सुळक्यांच्या नावाआधी एक ओळ शहाजीराजांसाठी नक्की लिहा.