नाथांघरचे पुरण

फाल्गुन वद्य षष्ठी हा शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराजांचा समाधिदिन. हुताशनी पौर्णिमेचे पुरण घराघरांतून नुकतेच शिजलेले असते, धुळवडीचा रंग अंगणातून पुरता गेलेला नसतो, तोच पैठणक्षेत्री गोदातीरावर दिंड्यांची दाटी होऊ लागते. त्याच सुमारास इकडे शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात पळस फुललेला असतो, मोहाची फुले टपकू लागलेली असतात, कणगीत भात पडून शेतकरी जरा उसंतीला आलेला असतो आणि गावोगावच्या देवळांतून सप्ताहाची वीणा उभी राहते. पैठण येथून दूर खरे. परंतु या मुलखाचे आणि पैठणचे नाते फार जुने आहे. सातवाहनांच्या काळी प्रतिष्ठान नगरीहून जुन्नरमार्गे कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे येणारी वाट नाणेघाट उतरून मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्यापाशी कोकणात येत असे. राणी नागनिकेचा लेख त्या घाटातील लेण्यात आजही आहे, आणि माथ्यावर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. नाथांच्या घरीही एक रांजण आहे. त्याची हकीकत पुढे येईल.

प्रपंचातील सुखे म्हणजे परमार्थाच्या वाटेवरचे काटे, असे सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत. अशा वक्त्यांपुढे नाथांचे चरित्र ठेवावे. या महापुरुषाने घर सोडले नाही, पत्नीला अंतर दिले नाही, लेकरांना दूर लोटले नाही, ताटातल्या गोडाला नाक मुरडले नाही. आणि तरीही ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा यांच्या पंक्तीत त्यांचे पान मांडलेले आहे.

घराची किंमत त्यांना कोवळ्या वयातच कळली असावी. शके १४५५, म्हणजे इ. स. १५३३, हे त्यांचे जन्मवर्ष पुष्कळ अभ्यासक धरतात. विजयनगराहून पांडुरंगाची मूर्ती पंढरीस परत आणणारे म्हणून परंपरा ज्यांना वंदन करते, त्या भानुदासांचे हे पणतू. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी ही दोघेही लेकराच्या अजाणपणीच निवर्तली. आजोबा चक्रपाणी आणि आजी सरस्वती यांनी नातू वाढविला. म्हाताऱ्या हातांनी भरविलेल्या घासाची गोडी ज्याने चाखली आहे त्याला हे अधिक सांगावयास नको. पुढे गुरूच्या ओढीने हा मुलगा घरी न सांगता देवगिरीच्या वाटेला लागला, तेव्हा त्या दोन वृद्धांचे काय झाले असेल याची कल्पनाच करावी.

देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी हे नाथांचे सद्गुरू. तेही गृहस्थाश्रमी, राजसेवेत असलेले आणि दत्तोपासक. त्यांनी शिष्याला प्रारंभीच समाधी लावावयास बसविले नाही. हिशेबाच्या वह्या हाती दिल्या. एका रात्री जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना, म्हणून नाथ दिव्यापाशी वह्या चाळीत बसले. पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. त्या आवाजाने गुरुजी जागे झाले. एका पैच्या शोधात जे चित्त असे रमते, ते भगवंताकडे वळले तर काय होईल, असा विचार गुरूंच्या मनात आला, अशी ही कथा सांगण्याचा प्रघात आहे. ते योग्यच आहे. मला मात्र ती टाळी अधिक मोलाची वाटते. हातातले क्षुल्लक काम मन लावून पुरे केल्याचा जो आनंद आहे, त्याला नाथ आयुष्यभर पारखे झाले नाहीत.

अनुग्रह झाला, अनुष्ठान झाले, तीर्थयात्रा झाली. यात्रेहून परतताना नाथ पैठणला आले, तो आजोबांनी एक पत्र पुढे केले. वाट पाहून थकलेल्या त्या वृद्धाने स्वतः देवगिरीस जाऊन जनार्दनस्वामींकडून आज्ञापत्र मिळविले होते, असे सांगतात. पत्र वाचशील तेथेच राहावे आणि गृहस्थाश्रम स्वीकारावा, असा त्यातला आशय. नाथांनी पाठीवरचे बोचके तेथल्या तेथे उतरविले. पुढे काशीचे जाणेयेणे घडले, परंतु वास्तव्य पैठणचेच. वैराग्याची थोरवी सांगणारे ग्रंथ आपल्याकडे उदंड आहेत. आजीआजोबांच्या डोळ्यांतले पाणी थांबावे म्हणून गुरूच शिष्याला घरी पाठवितो, हा प्रसंग मात्र संतचरित्रांत विरळा.

वैजापूरकडच्या गिरिजाबाईंशी विवाह झाला. नाथांच्या चरित्रात गिरिजाबाईंचे स्थान केवळ सावलीचे नाही. ताहराबादचे महीपतीबोवा यांनी भक्तविजय (१७६२) आणि भक्तलीलामृत (१७७४) या ग्रंथांत नाथांच्या घरच्या ज्या कथा सांगितल्या, त्यांतील निम्म्याअधिक चुलीजवळ घडतात. नाथांचा राग पाहण्याची पैज मारून एक गरीब ब्राह्मण त्यांच्या घरी आला. पंक्तीत वाढण्यासाठी बाई वाकल्या, तोच त्याने त्यांच्या पाठीवर उडी घेतली. पाहुणा पडेल, त्याला सांभाळा, असे नाथांनी पत्नीला सांगितले. आणि मुलाला पाठीवर घेऊन कामे करण्याची सवय आहे, पडू देणार नाही, असे बाईंनी हसत उत्तर दिले. ही कथा आपण नाथांच्या शांतीची म्हणून सांगतो. परंतु दोघांना एकाच क्षणी एकच विनोद सुचावा, हे ज्या घरात वर्षानुवर्षे गोडीने बोलणे चालते तेथेच घडते.

दुसरी एक रात्र पावसाची. मध्यरात्री चार भुकेले पांथस्थ दारी आले. घरात शिधा होता. परंतु सरपण सगळे ओले. नाथांनी निजायचा पलंग मोडून त्याची लाकडे चुलीला लावली. शहापूरच्या रानात श्रावणातला पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्या घरांतील बायांना ओल्या लाकडाचा धूर आणि कोरड्या ढलपीचे मोल ठाऊक आहे. पलंगाची मोडतोड पाहून गिरिजाबाईंनी कपाळाला आठी घातल्याचे कोठेही लिहिलेले नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. नाथांनी श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर १८ हजारांहून अधिक ओव्यांची टीका लिहिली आणि शके १४९५ (इ. स. १५७३) च्या कार्तिकी पौर्णिमेस वाराणसीत ती पूर्ण केली. त्याच स्कंधाच्या सातव्या अध्यायात अवधूताच्या गुरूंमध्ये एक कपोत, म्हणजे कबुतर, आहे. तो कपोत, त्याची कपोती आणि पिले यांचा रानातल्या झाडावर सुखाचा संसार चाललेला असतो. पिलांचे किलबिलणे, पंखांचा स्पर्श, चोचीत दिलेला चारा, यांत ती दोघे इतकी गुंततात की पिले पारध्याच्या जाळ्यात सापडताच आई मागोमाग झेपावते आणि तिच्यामागून बापही. गृहासक्तीचा इतका करुण दृष्टांत दुसरा नाही. घरच्या लहान सुखांचे वर्णन करता करता भागवतकारांनी त्या सुखांतच जाळे दाखविले आहे.

मग या अध्यायावर ओव्या रचणारा पुरुष स्वतः लेकराबाळांत कसा राहिला? त्याचे उत्तर त्याच स्कंधात दहा अध्याय पुढे मिळते. गृहस्थाने आपल्या घरात अतिथीसारखे राहावे, असा उपदेश सतराव्या अध्यायात भगवंतांनी उद्धवाला केला आहे. पाहुणा घरातल्या गोडाधोडाचा स्वाद घेतोच. किंबहुना घरच्या माणसाला नेहमीची म्हणून बेचव झालेली भाकरी पाहुण्याला गोड लागते. तो फक्त ते घर आपल्या नावावर मांडीत नाही. कपोताच्या घरट्याला चार जिवांपलीकडे जागाच नव्हती; नाथांच्या घराला दार होते आणि ते उघडे होते. घरच्या श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा घमघमाट रस्त्यावर गेला, आणि गावकुसाबाहेर ठेवल्या गेलेल्या भुकेल्या कुटुंबातील लेकरे त्या वासाने थबकली. नाथांनी ते अन्न त्यांनाच वाढले आणि पितरांसाठी पुन्हा चूल पेटविली. पैठणच्या ब्रह्मवृंदाचा रोष त्यामुळे ओढवला. तो त्यांनी सोसला.

सुखाच्या या घरात दुःख शिरले नाही असे मात्र नव्हे. गोदावरी व गंगा या दोन मुली आणि हरिपंडित हा पुत्र. हरिपंडित बुद्धिमान, शास्त्रात पारंगत. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरचे अन्न घ्यावे, हे त्याला साहवेना. तो घर सोडून काशीस गेला. ज्या बापाने जगाचे टोमणे हसून घेतले, त्याला मुलाचे रिकामे पान पाहून काय वाटले असेल? नाथ म्हातारपणी काशीपर्यंत चालत गेले. परत येण्यासाठी मुलाने दोन अटी घातल्या: परान्न घ्यावयाचे नाही आणि प्राकृतातून पुराण सांगावयाचे नाही. मराठीसाठी ज्याने काशीच्या पंडितांपुढे मान झुकविली नाही, त्याने पोटच्या मुलापुढे ती झुकविली. पैठणला पुराण हरिपंडित सांगू लागला, संस्कृतातून. हळूहळू श्रोते ओसरले. संस्कृताचा अभिमान मलाही आहे. परंतु ओस पडलेली ती ओसरी नजरेपुढे आली की अक्षर फुटत नाही. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प असलेल्या एका गरीब बाईच्या आग्रहाने नाथ तिच्याकडे जेवले. उष्टी पत्रावळ हरिपंडिताने उचलली, तो तिच्याखाली दुसरी, आणि अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, असे कथा सांगते. मुलाचा अभिमान गळाला आणि ओसरी पुन्हा मराठीने भरली.

त्या ओसरीवर संध्याकाळी कीर्तन होई आणि घरचे, दारचे सगळे एकत्र बसत. नाथांची भारुडेही घरातूनच उगवलेली आहेत. सासू, नणंद, विंचू, जोशी, वासुदेव, दारी आलेला भिक्षेकरी. रोज डोळ्यांसमोरून जाणाऱ्यांना त्यांनी परमार्थाच्या रंगमंचावर उभे केले. मुरबाडकडच्या सप्ताहांत विंचवाचे भारूड रंगले की मागच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसतात, ते आपलेच घर तेथे ओळखून. रुक्मिणीस्वयंवरातही लग्नघरचा थाट आहे. तो ग्रंथ लग्न जमण्यासाठी मुली आजही वाचतात. आजकाल वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी येथून पहाटेच्या गाडीने मुंबईच्या कामाला गेलेला कर्ता पुरुष रात्री पोरे निजल्यावर परततो. पोटासाठी हे करावेच लागते. त्याला उरलेली रविवारची संध्याकाळ तरी सर्वांनी एका पंक्तीत बसून घालवावी, इतके नाथांच्या नावाने मागणे आहे.

रांजणाची हकीकत राहिली. नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे गोदेचे पाणी कावडीने वाहत होता. तो प्रत्यक्ष द्वारकेचा श्रीकृष्ण होता, ही भाविकांची श्रद्धा. तुकाराम बीजेपासून पैठणच्या नाथवाड्यातील तो रांजण भाविक पाण्याने भरू लागतात आणि तो भरून वाहू लागला म्हणजे देव आला असे मानतात. देवाने नाथांच्या घरात येण्यासाठी काम निवडले तेही पाणी भरण्याचे. तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला पाजणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर बायांना हंडे घेऊन दूर जावे लागते. त्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घेण्यासाठी घरातल्या एखाद्या तरण्या श्रीखंड्याने उठावे.

आणि पुरण? गावबा नावाचा एक मुलगा होता. त्याला रोज पुरणपोळी हवी असे. गरीब आई रोज कोठून आणणार? तिने त्याला नाथांकडे आणून सोडले. गिरिजाबाईंनी त्याच्या पानात रोज पुरणपोळी वाढली. मुलगा मंदबुद्धी समजला जाई. नाथांनी मंत्र देऊ केला, तर एकनाथ या नावावाचून दुसरा मंत्र त्याच्या तोंडून निघेना. घरातल्या कामात उद्धव, पाण्याला श्रीखंड्या, तसा पंक्तीला गावबा. या हट्टी पोराच्या जिभेचे चोचले पुरविण्यात परमार्थाची हानी होते, असे त्या घरात कोणाला वाटले नाही. मुलीचा मुलगा मुक्तेश्वर हाही याच घरच्या वळणाचा. पुढे तो मराठीतला थोर कवी झाला.

शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यानंतर उतारवयात भावार्थरामायण लिहावयास घेतले. युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि प्रयाणाची वेळ जवळ आली. ग्रंथ अपुरा राहणार म्हणून मंडळी हळहळली, तेव्हा पुढचे काम गावबा करील, असे नाथांनी सांगितले. कोणाचा विश्वास बसेना. नाथांच्या देखत त्याने एक अध्याय लिहून दाखविला, आणि हात कोणाचा हे ओळखू येईना, असे परंपरा सांगते. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस, म्हणजे गुरू जनार्दनस्वामींच्याच पुण्यतिथीला, नाथांनी गोदावरीच्या पात्रात देह ठेवला. त्यानंतर रामायणाचा उरलेला भाग गावबाने लिहून पूर्ण केला.