खेळ मांडणारा माणूस

घरातला मुलगा मोबाइलवर खेळता खेळता लेव्हल वाढली म्हणून ओरडतो, तेव्हा नकळत तो गॅरी गायगॅक्स या गृहस्थांचीच भाषा बोलत असतो. अनुभवाचे गुण साठवायचे, पायरी चढायची, जखमांचा हिशेब आकड्यांत ठेवायचा, ही रीत व्हिडिओ गेमने शोधलेली नाही. ती टेबलाभोवती बसलेल्या माणसांत, कागद, पेन्सिल आणि फाशांवर आकाराला आली.

गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागोत झाला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले व्हायोलिनवादक. पुढे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या तळ्याकाठच्या लहानशा गावी आले. मुलगा शाळेत रमला नाही, हायस्कूल अर्धवट सुटले. अद्भुत कथा, बुद्धिबळ आणि पटावरच्या लढाया यांत मात्र तो बुडालेला असे. यथावकाश लग्न झाले, मुले झाली, विमा कंपनीत नोकरी लागली. १९७० मध्ये तीही गेली. मग घरी बूट दुरुस्त करून प्रपंच रेटायचा आणि उरल्या वेळात खेळांचे नियम टाइप करायचे, असा क्रम सुरू झाला.

१९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांच्या नियमांचे त्यांचे छोटे पुस्तक निघाले. ते हाती घेऊन डेव्ह आर्नेसन या तरुणाने निराळाच डाव मांडला. फौजा बाजूला ठेवून त्याने प्रत्येक खेळाडूला एकेकच पात्र दिले आणि त्यांना किल्ल्याखालच्या भुयारांत धाडले. गायगॅक्स यांनी त्यातले सामर्थ्य ओळखले, नियम वाढवले, लिहून काढले. त्यांच्या घरी पहिले भुयार धुंडाळले ते त्यांच्याच मुलाने आणि मुलीने. प्रकाशक मिळेना, तेव्हा डॉन के या बालमित्रासह १९७३ मध्ये त्यांनी कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या हजार पेट्या बाजारात आल्या. श्रेयावरून पुढे आर्नेसन यांच्याशी कोर्टकज्जा झाला, पण खेळावर नाव दोघांचेही आहे.

हा खेळ आहे तरी काय? माझ्या पुतण्याने आणि त्याच्या मित्रांनी मला एकदा बळेच पटावर बसवले, तेव्हा कुठे ते उमगले. एकजण सूत्रधार होतो, प्रसंग सांगतो. बाकीचे आपापले पात्र काय करील ते सांगतात. यशापयश वीस बाजूंच्या फाशावर ठरते. दारावर एक राक्षस उभा होता. पोरांनी तलवारी उपसल्या. मी म्हटले, बिचारा सकाळपासून उपाशी असेल, त्याला भाकरी देऊ. नियमांच्या पुस्तकात भाकरी नव्हती. सूत्रधार झालेला मुलगा क्षणभर गप्प राहिला, हसला आणि मला फासा टाकायला सांगितला. राक्षस भाकरी खाऊन बाजूला झाला!

संगणकाला नेमके हेच जमत नव्हते. आकडे त्याने चटकन उचलले. १९७५ मध्येच इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ संगणकावर विद्यार्थ्यांनी भुयारांचे खेळ रचले होते. १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ आले. हिशेब यंत्राकडे गेला. हसून वाट काढून देणारा सूत्रधार टेबलापाशीच राहिला.

इकडे गायगॅक्स यांच्या कंपनीची भरभराट झाली, पण भांडणेही वाढली. डॉन के १९७५ मध्येच वारले होते. अखेर १९८५ मध्ये कारभार गायगॅक्स यांच्या हातून गेला आणि वर्षभरात त्यांनी कंपनी सोडली. स्वतः मांडलेल्या घरात ते परके झाले. तरी खचले नाहीत. नवे खेळ लिहीत राहिले, गावी डाव मांडत राहिले.

तोवर प्रवाह उलटा फिरला होता. आता पडद्यावरचे खेळ टेबलावर येऊ लागले. २००० मध्ये ‘डायब्लो’, २००२ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’, २००३ मध्ये ‘वॉरक्राफ्ट’ यांची कागद-फाशांची रूपे निघाली. नव्या पिढीला पडद्याची सवय, तेव्हा यात गैर ते काय? गायगॅक्स यांना मात्र वाटे की पडद्यावर आपण दुसऱ्याची कल्पना पाहतो, टेबलाशी स्वतःची. नव्या आवृत्त्यांत नियमांचे ओझे फार झाले, हीही त्यांची तक्रार होती.

४ मार्च २००८ रोजी ते गेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्या खेळाची चौथी आवृत्ती आली. प्रत्येक पात्राची ठरीव भूमिका, चौकटींवर मोजून चाल, ठरावीक वेळीच वापरायच्या शक्ती. हा तर कागदावरचा ऑनलाइन गेम झाला, अशी ओरड झाली. त्यात तथ्य होते; पण कुणीही खेळाडू नुसता बसून राहत नाही, हा गुणही त्याच मांडणीचा होता. तरी अनेकांनी पाठ फिरवली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नियम सुटसुटीत झाले, सूत्रधाराला पुन्हा मोकळीक मिळाली. गंमत अशी, की त्याच आवृत्तीवर बेतलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ च्या व्हिडिओ गेमने पडद्यावर चक्क वीस बाजूंचा फासा घरंगळत दाखवला.

पडद्याने टेबलाला वेग दिला, नेटकेपणा दिला. ते नाकारण्यात अर्थ नाही. मला काळजी आहे ती भाकरीची. मुलाला भलतेच काही सुचले, तर ते ऐकून घेणारे समोर कुणी असायला हवे ना?

लेक जिनीव्हाला हे ठाऊक असावे. गायगॅक्स यांच्या अंत्यविधीनंतर जमलेली मंडळी लगेच पांगली नाहीत. त्यांनी टेबले मांडली आणि ती खेळायला बसली. पुढच्या वर्षापासून त्यांच्या स्मरणार्थ मेळावाच सुरू झाला. तिथे माणसे येतात आणि एकमेकांसमोर बसून फासे टाकतात.