रवींद्र सेतू : एका पुलाचे नाव आणि एका कवीचे जीवन

१४ जून १९६५ रोजी हावड्याच्या पुलाचे ‘रवींद्र सेतू’ असे नामकरण झाले. त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. परंतु बसमध्ये, बाजारात किंवा घाटावर हे नाव क्वचितच कानी पडते. बंगाली माणूस ‘हावडा ब्रिज’ म्हणतो आणि दोन-तीन पिढ्या या शहरात काढलेली आपली मराठी कुटुंबेही तेच म्हणतात. स्वातंत्र्यानंतर रस्त्यांची, चौकांची आणि पुलांची जुनी नावे बदलण्याची जी लाट देशभर आली, तिच्यातलेच हे एक नाव, असे समजून आपण ते सोडून देतो. शिवाय कवीचा आणि पुलाचा संबंध तरी कोणता? रवींद्रनाथ काही स्थापत्यविशारद नव्हते आणि हा पूल वाहतुकीस खुला झाला तेव्हा ते हयातही नव्हते. आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे. तथापि हुगळीच्या काठावरून त्यांच्या जीवनाकडे पाहिले, तर हे नाव केवळ उपचाराचे राहत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कलकत्त्यातील जोडासाँको येथील ठाकूरवाड्यात झाला. महर्षी देवेंद्रनाथ आणि शारदादेवी यांचे ते चौदावे अपत्य. जोडासाँको या नावाचा अर्थच मुळी ‘साँकोंची जोडी’ असा आहे. पूर्वी तेथून एक लहानसा ओहोळ वाहत असे आणि त्यावर लाकडाचे वा बांबूचे दोन छोटे पूल होते, असे सांगतात. बंगालीतील ‘साँको’ म्हणजे कोकणातला आपला ‘साकव’. दोन्ही शब्द संस्कृत ‘संक्रम’ या एकाच शब्दापासून आले आहेत. कोकणात पावसाळ्यात वहाळावरच्या साकवावरून जीव मुठीत धरून शाळेत गेलेल्या वाचकांना हे नाते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. पुलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेठेत जो जन्मला, त्याचेच नाव पुढे शहरातील सर्वांत मोठ्या पुलाला मिळाले, हा योगायोग खरा. पण मोठा गोड योगायोग.

१८७३ मध्ये मुंजीनंतर वडिलांबरोबर हिमालयात जाण्यासाठी अकरा वर्षांचा रवींद्र प्रथमच आगगाडीत बसला. हावड्याहून निघालेल्या त्या प्रवासाचा पहिला मुक्काम बोलपूरला, म्हणजे आजच्या शांतिनिकेतनात होता. त्या वेळी हुगळीवर पूलच नव्हता. गाडी गाठायची तर नावेतून पैलतीरी जावे लागे. पुढल्याच वर्षी, १८७४ मध्ये, ब्रॅडफर्ड लेस्ली या अभियंत्याने बांधलेला तरंगता पूल सुरू झाला. १,५२८ फूट लांबीचा आणि ६२ फूट रुंदीचा तो पूल तराफ्यांवर आधारलेला होता. जहाजांना वाट देण्यासाठी तो मधोमध दोनशे फूट उघडावा लागे आणि तेवढा वेळ दोन्ही तीरांवरील माणसे, बैलगाड्या आणि घोडागाड्या खोळंबून राहत. रवींद्रनाथांच्या आयुष्यातील हावड्याचा पूल तो हा. आजचा नव्हे.

थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेत निवडले गेलेले पहिले भारतीय. मुंबई इलाख्यात न्यायाधीश म्हणून त्यांची हयात गेली. सातारा, सोलापूर ही नावे ठाकूरवाड्यात घरच्यासारखी झाली ती त्यांच्यामुळे. मराठी शिकून त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ त्यांच्याकडे अहमदाबादला आले आणि विलायतेस जाण्यापूर्वी इंग्रजी बोलणे व रीतिभाती अंगवळणी पडाव्यात म्हणून मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले. डॉक्टर हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी एक. विलायत पाहून आलेली त्यांची कन्या अन्नपूर्णा या लाजाळू बंगाली तरुणाची शिक्षिका झाली. त्याने तिला ‘नलिनी’ हे नाव दिले, तिच्यावर कविता केली आणि सप्टेंबरमध्ये तो बोटीने निघून गेला. पुढे अन्नपूर्णेचे अकाली निधन झाले. परंतु त्या मराठी मुलीची आठवण कवीने वार्धक्यातही आदराने आणि हळुवारपणे जपली होती. १८८३ मध्ये ते पुन्हा बंधूंकडे आले, तेव्हा सत्येंद्रनाथ कारवारला होते. तेथील समुद्रकाठी ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक लिहून झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस मृणालिनीदेवींशी त्यांचा विवाह झाला.

बंगाल आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये त्या काळी एक जुना सल होता. भोसल्यांच्या स्वाऱ्यांची आठवण बंगालमधील आया अंगाईगीतांतून मुलांना देत असत. ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर. ही कटुता ओलांडण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील सखाराम गणेश देऊस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. मातृभाषा मराठी असूनही त्यांनी बंगालीत लेखन केले. १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘देशेर कथा’ या ग्रंथावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजविण्याच्या त्यांच्या खटपटीला रवींद्रनाथांनी साथ दिली आणि १९०४ मध्ये ‘शिवाजी उत्सव’ ही दीर्घ कविता लिहिली. त्यापूर्वी १८९७ मध्ये लोकमान्यांवर खटला झाला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी कलकत्त्यात निधी गोळा करणाऱ्यांमध्येही रवींद्रनाथ होते. परमुलखात राहून त्या मुलखाची भाषा आपलीशी करणाऱ्या देऊस्करांचा आपल्या मंडळांतून फारसा उल्लेख होत नाही, याचे मात्र वाईट वाटते.

१६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. त्या दिवशी रवींद्रनाथ रस्त्यावर उतरले, गंगेच्या घाटापर्यंत पायी गेले आणि भेटेल त्याच्या हाती त्यांनी राखी बांधली. त्यांत हिंदू होते, तसे मुसलमानही होते. हा काळ त्यांच्या घरातील दुःखाचाही होता. १९०२ मध्ये पत्नी, पुढल्या वर्षी मुलगी रेणुका, १९०५ मध्ये वडील आणि १९०७ मध्ये धाकटा मुलगा शमींद्र अशी एकामागून एक माणसे गेली. १९०१ मध्ये सुरू केलेली शांतिनिकेतनची शाळा त्यांनी या सर्व आघातांतही चालू ठेवली. ‘गीतांजली’, १९१३ चे नोबेल पारितोषिक आणि जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये झुगारून दिलेली ‘सर’ ही पदवी या गोष्टी शाळकरी मुलेही जाणतात. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. सातारचे काका कालेलकर काही काळ शांतिनिकेतनात अध्यापक होते आणि गांधीजींची व त्यांची पहिली भेट १९१५ मध्ये तेथेच झाली, एवढे मात्र नमूद केले पाहिजे.

नव्या पुलाची चर्चा कलकत्त्यात चालू असताना, १९२२ मध्ये, रवींद्रनाथांचे ‘मुक्तधारा’ हे नाटक प्रसिद्ध झाले. राजाचा यंत्रविशारद धरण बांधून एक झरा अडवितो. खालच्या मुलखातील प्रजा पाण्यावाचून शरण यावी, हा हेतू. शेवटी युवराज अभिजित ते धरण फोडतो आणि त्याच प्रवाहात वाहून जातो. हे नाटक लिहिणाऱ्याचे नाव हजारो टन पोलादाला द्यावे काय, असा प्रश्न येथे पडतो. त्याचे उत्तर पुलाच्या रचनेतच आहे. नदीत खांब उभारले तर गाळ साचेल आणि जहाजांचा मार्ग अडेल, ही बंदराच्या चालकांची भीती होती. म्हणून दोन तीरांवर २८० फूट उंचीचे दोन मनोरे उभारून, त्यांचे बाहू पुढे आणून ते मध्ये सांधले गेले. दोन मनोऱ्यांमधील अंतर पंधराशे फूट. पात्रात एकही खांब नाही. लागलेल्या साडेसव्वीस हजार टन पोलादापैकी सुमारे तेवीस हजार टन टाटांच्या कारखान्याने पुरविले. यंत्र खरे, पण धारा अडविणारे नव्हे. अशा यंत्राला ‘मुक्तधारा’च्या कर्त्याने नाव ठेवले असते, असे वाटत नाही.

सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले, तेव्हा एकाहत्तर वर्षांचे रवींद्रनाथ बंगालहून पुण्यास धावून गेले. २६ तारखेला ते तुरुंगात पोहोचले आणि त्याच दिवशी उपोषण सुटले. गांधीजींच्या आवडीचे ‘गीतांजली’तील गीत त्यांनी गाऊन दाखविले. मूळ चाल आठवेना, म्हणून त्या क्षणी सुचेल त्या चालीत गायिले. पुण्यातील जाहीर सभेसही ते उपस्थित राहिले.

२५ जुलै १९४१ रोजी आजारी कवीला शस्त्रक्रियेसाठी शांतिनिकेतनहून हावड्यास आणले आणि तेथून जोडासाँकोला नेले. १९३६ मध्ये काम सुरू झालेला नवा पूल जुन्या पुलाशेजारी तेव्हा आकार घेत होता. तो पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ७ ऑगस्ट रोजी, ज्या वाड्यात जन्म झाला त्याच वाड्यात, त्यांनी देह ठेवला. त्याच सायंकाळी अलोट गर्दीत त्यांची अंत्ययात्रा निमतला घाटावर गेली. तो घाट पुलाच्या थोडा वरच्या बाजूस, त्याच तीरावर आहे.

३ फेब्रुवारी १९४३ रोजी नवा पूल खुला झाला. जपानी विमानांच्या धास्तीचे दिवस होते. समारंभ झाला नाही. पुलावरून पहिली गेली ती एकटी ट्रामगाडी. ट्रामची ती वाहतूक १९९३ मध्ये बंद पडली. त्याआधी एक वर्ष, १९९२ मध्ये, दक्षिणेस दुसरा पूल झाला. त्याला विद्यासागरांचे नाव दिले गेले.

नावाच्या बाबतीत कवीचे पुस्तक अधिक भाग्यवान ठरले. डिसेंबर १९७७ मध्ये रेल्वेमंत्री मधू दंडवते यांनी मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान वर्गभेद नसलेली गाडी सुरू केली आणि तिला ‘गीतांजली एक्सप्रेस’ हे नाव मिळाले. ‘रवींद्र सेतू’ म्हटले तर टॅक्सीवाला क्षणभर थांबून पाहतो. ‘गीतांजली’ म्हटले की हावड्याचा हमाल फलाट क्रमांकही सांगतो.