पाच डॉलरचा चेक

शेअरबाजाराचा विश्लेषक म्हटला की आकडेमोडीत तरबेज, चटपटीत आणि धाडसी माणूस डोळ्यांपुढे येतो. या विद्येचा पाया घालणारा बेंजामिन ग्रॅहॅम मात्र या चित्रात आकडेमोडीपुरताच बसतो. बाकी त्याचा पिंड मास्तराचा होता.

१८९४ साली लंडनमध्ये त्याचा जन्म झाला आणि लवकरच कुटुंब न्यूयॉर्कला आले. १९०३ मध्ये वडील गेले, घराची घडी विसकटली. आईने थोडी पुंजी लावून उधारीवर शेअर घेतले. १९०७ च्या घबराटीत तीही बुडाली. त्या दिवसांत आईचा चेक वटवायला गेलेल्या बेनच्या कानांवर काउंटरपलीकडची विचारणा पडली. या बाईला पाच डॉलर द्यावेत की नाही, अशी शंका तिथे निघाली होती. माझे आयुष्य काउंटरच्या आतल्या बाजूला गेले. हा प्रसंग वाचताना मान खाली जाते.

१९१४ मध्ये पदवी घेताच कोलंबिया विद्यापीठाच्या इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान अशा तीन विभागांनी त्याला शिकवायला बोलावले. त्याने वॉल स्ट्रीटवरची आठवड्याला १२ डॉलरची नोकरी धरली. बाजारात लोक कंड्या ऐकत. हा सरकारी दप्तरे वाचत बसे. १९२६ मध्ये वॉशिंग्टनच्या अशाच कागदांत त्याला नॉर्दर्न पाइपलाइन कंपनी सापडली. शेअरचा भाव ६५ डॉलर आणि दर शेअरमागे कंपनीकडे ९५ डॉलरचे रोखे! पुढच्या सभेत अनुमोदक न मिळाल्याने त्याला ठरावही मांडता आला नाही. चडफडत न बसता तो भागधारकांच्या दारी गेला, त्यांची मते गोळा केली आणि वर्षाने परत आला. कंपनीला शेअरमागे ७० डॉलर वाटावे लागले.

एवढा सावध माणूसही १९२९ मध्ये फसला. आईला बुडवणारे उधारीचे कलम त्याच्याही ताळेबंदात होते. १९३२ पर्यंत फंडाचे सुमारे ७० टक्के मूल्य गेले. त्याने दोष बाजारावर ढकलला नाही आणि फंडही मोडला नाही. तोटा भरून निघेपर्यंत मोबदल्याविना राबला. त्याच काळात डेव्हिड डॉड याच्यासह लिहिलेला ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ १९३४ मध्ये आला. बँक तारणावर कर्ज देताना मार्जिन राखते, तसे खरेदी करताना आपल्या चुकीसाठीही राखावे, हे त्याचे सूत्र अनुभवाच्या भट्टीतून निघाले होते.

१९४८ मध्ये त्याने ‘गायको’ या विमा कंपनीत फंडाचा सुमारे पाचवा हिस्सा घातला. जोखीम विभागा, असे शिकवणाऱ्याने आपलाच नियम वाकवला. या एका व्यवहाराने बाकी साऱ्या व्यवहारांच्या बेरजेहून अधिक नफा दिला, आणि ही गोष्टही त्याने लपवली नाही.

१९५६ मध्ये फंड बंद करून तो पुस्तकांकडे वळला. उतारवयात मारिओ बेनेदेत्तीची स्पॅनिश कादंबरी इंग्रजीत आणली. १९७६ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे निधन झाले.

विश्लेषकांची परीक्षा असावी, हा आग्रह ग्रॅहॅमचाच. पहिली परीक्षा १९६३ मध्ये झाली. आज जगभरची मुले तिच्यासाठी रात्री जागवतात. ताळेबंद वाचणे तिथे शिकता येते. स्वतःच्या चुकीवर बोट ठेवणे मात्र ज्याचे त्यालाच शिकावे लागते.